नऊ आणे

कलिन्याला, गणित विभागात, जिन्यालगतच्या खोलीत
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक टेकडी असायची:
तिरकी चढण, सपाट माथा, तिरकी उतरण.
खाली खडूनं ‘पुसू नये’.
कांबळीमामा बाकीचा फळा पुसत
टेकडीला वळसा घालून.

ती टेकडी म्हणजे ‘कमरेएवढं पाणी’,
तांडेल मॅडम सांगायच्या.
माहूलच्या खाडीत त्यांचे वडील बांबू रोवून म्हणत,
“कमरेएवढं. छातीचं व्हायला बघतंय.”
म्हणजे दोन्ही. एकाच वेळी, थोडं थोडं.
पुढं चाळीस वर्षं त्यांनी मांडलं ते
या ‘व्हायला बघतंय’चं गणित.

पहिले गाइड म्हणाले होते, हे गणित नव्हे, बाजारगप्पा.
घटक संचात असतो किंवा नसतो.
उंबऱ्यावर बसलेल्याला आपण घरात धरत नाही.
मॅडमनी विचारलं, मग बाहेर धरता का?
प्रबंध दोन वर्षं कपाटात राहिला.
फझी म्हणजे फजिती, असं विभागात म्हणत,
चहा पिताना, त्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

नंतर एका कंपनीला असं धुलाईयंत्र हवं झालं
ज्याला ‘बऱ्यापैकी मळका’ शर्ट कळेल.
यंत्राला कळला.
निवड समितीला नाही.
रीडरच्या मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं,
तुम्हाला स्वतःला तरी खात्री आहे का या विषयाची?
“बारा आणे,” त्या म्हणाल्या.
पद मिळालं अकरा वर्षांनी.

नाणं उडालंय, अजून खाली आलेलं नाही,
ही एक अनिश्चितता, त्या शिकवत.
नाणं तळहातावर आहे, आणि इतकं झिजलंय
की छापा कुठला, काटा कुठला, सांगता येत नाही,
ही दुसरी.
पहिलीत वाट बघायची.
दुसरीत वाट बघून काही होत नाही, नीट बघावं लागतं.

मला त्यांच्याकडे सहावं वर्ष चालू होतं
तेव्हा वडील शीवच्या इस्पितळात होते.
नर्सच्या कागदावर प्रश्न: रुग्ण नातलगांना ओळखतो का?
दोन चौकोन. होय, नाही.
आदल्या रात्री त्यांनी मॅडमना ‘वहिनी’ म्हटलं होतं,
मग हात घट्ट धरून विचारलं होतं,
“पाणी किती झालं गं?”
मॅडमनी पेन घेतलं, दोन चौकोनांमधल्या जागेत
छोटीशी टेकडी काढली
आणि उतरणीवर, बरंच खाली, एक ठिपका.
नर्सनं न बोलता दुसरा कागद आणला.
त्यावर त्यांनी ‘होय’ला खूण केली.
जिना उतरताना म्हणाल्या, “खोटं लिहिलं मी.”
दोन पायऱ्यांनंतर, “म्हणजे, बरंचसं.”

त्याच वर्षी मी प्रबंध सोडला, चौथ्या प्रकरणापाशी.
अंधेरीत विमा कंपनीत लागलो, जिथे दावा
मंजूर असतो किंवा नामंजूर, आणि पाचला घरी जाता येतं.
त्यांना कळवलंही नाही धड.
फाइल माळ्यावर, जुन्या कुकरशेजारी.

निवृत्तीच्या समारंभाला मात्र गेलो,
शेवटच्या रांगेत, दाराजवळ, अर्धा बाहेर.
शाल झाली, नारळ झाला.
पाहुणे म्हणाले, मॅडमच्या हाताखाली
एकूण अकरा जणांनी पीएचडी केली.
“अकरा, आणि वर नऊ आणे,”
मॅडमनी बसल्या जागेवरून दुरुस्त केलं.
लोक हसले. त्या हसल्या नाहीत,
आणि दाराकडे पाहिलंही नाही.

नंतर खोलीत पुस्तकांची खोकी बांधायला
मीच होतो हाताशी.
सोमवारी तिथं कुणी नवीन येणार होतं.
कांबळीमामा आले, कोपऱ्यासमोर थांबले,
“मॅडम, आता ही पुसायची ना?”
“याला विचारा,” त्या म्हणाल्या,
सुतळीला गाठ मारत.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.
त्यांच्या हातातला फडका ओला होता.
फरशीवर थेंब पडत होते.